जुन्या संगणकांचे विस्तारफलक आणि मराठी मजकुराचे जतन : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

संगणकाचा इतिहास सामान्यतः यंत्रांच्या वेगाचा आणि कंपन्यांच्या उत्कर्षाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्राच्या आत बसविल्या जाणाऱ्या विस्तारफलकांकडे, म्हणजे बाजारात ज्यांना सरळ 'कार्ड' म्हटले जाते त्यांच्याकडे, इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक मराठी भाषा संगणकाच्या पडद्यावर प्रथम स्थिरावली ती अशाच एका कार्डाच्या आधाराने. प्रस्तुत शोधनिबंधात विस्तारफलकांची घडण, जिस्ट कार्डाचे कार्य, फलक निकामी होण्याची कारणे आणि त्यांच्या बदलीचे मार्ग यांचा ऐतिहासिक क्रमाने विचार केला आहे. जुना फलक नाहीसा होणे ही केवळ तांत्रिक घटना नसून त्यामुळे १९८५ ते २००५ या काळातील स्थानिक मराठी मजकूर वाचता न येण्याचा धोका निर्माण झाला आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : विस्तारफलक, जिस्ट कार्ड, इस्की, हार्डवेअर लॉक, युनिकोड, स्थानिक इतिहास.

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाला साधनांची चिंता असते. शिलालेख झिजतो, कागदाला कसर लागते, मोडी वाचणारा मनुष्य दुर्मीळ होतो. या सर्व अडचणी आपल्या परिचयाच्या आहेत. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांनी आपल्यापुढे एक नवी अडचण उभी केली आहे. या काळातील पुष्कळसा मजकूर कागदावर उतरण्यापूर्वी संगणकात तयार झाला. पतपेढ्यांचे अहवाल, गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्ते, स्थानिक साप्ताहिके, शाळांच्या स्मरणिका, महाविद्यालयांची नियतकालिके ही त्याची उदाहरणे होत. त्यांपैकी छापलेल्या प्रती जेथे उपलब्ध आहेत तेथे प्रश्न नाही. परंतु ज्यांची मुद्रित प्रत उरली नाही, किंवा जे कधी छापलेच गेले नाही, ते मिळवायचे तर जुनी फ्लॉपी, जुनी हार्ड डिस्क आणि ती वाचणारे जुने यंत्र यांच्याकडेच जावे लागते. ते यंत्र चालू होणे अनेकदा एखाद्या लहानशा फलकावर अवलंबून असते.

उद्दिष्टे

१. विस्तारफलकांच्या रचनेचा व प्रमाणकांचा संक्षिप्त इतिहास मांडणे.
२. मराठी संगणनाच्या विकासात जिस्ट कार्डाचे स्थान स्पष्ट करणे.
३. जुने फलक निकामी होण्याची कारणे व बदलीचे उपलब्ध मार्ग तपासणे.
४. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील संस्थांच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्व विशद करणे.

गृहीतक

विस्तारफलकाची जागा सॉफ्टवेअरने घेतली ही प्रगती असली, तरी मराठी मजकुराच्या टिकाऊपणाच्या दृष्टीने ती सर्वस्वी लाभदायक ठरली नाही.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तांत्रिक प्रमाणके, शासकीय धोरणे व संगणकविषयक प्रकाशित माहिती यांचा आधार घेतला आहे. काळाची व्याप्ती मुख्यतः १९७८ ते २००५ अशी आहे. त्यानंतरच्या घडामोडींचा उल्लेख आवश्यक तेथेच केला आहे.

देखभालीची भारतीय परंपरा

१९७८ मध्ये आयबीएम कंपनीने भारतातील आपला व्यवसाय थांबविला. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाची अट तिला मान्य नव्हती. कंपनी गेली तरी तिची यंत्रे येथेच राहिली आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आली. निर्मात्याच्या अनुपस्थितीत यंत्र चालू ठेवणे हे आपल्या संगणक-इतिहासाचे एक आरंभीचे प्रकरण आहे. दुरुस्ती हा आपल्याकडे हौसेचा भाग नव्हता, ती गरज होती.

नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरील बंधने सैल केली. सुट्या भागांपासून वैयक्तिक संगणक जोडण्याचा उद्योग या धोरणानंतर फोफावला. मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून मदरबोर्ड, कार्डे व केबल आणावयाच्या आणि यंत्र उभे करावयाचे, ही रीत उपनगरी रेल्वेच्या मार्गावरील सर्व शहरांत रूढ झाली. ठाणे, कल्याण व डोंबिवली ही त्याच मार्गावरील शहरे असल्याने येथील जोडणी करणाऱ्यांना हा बाजार हाताशी होता.

विस्तारफलक : रचना व प्रमाणके

ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीच्या मदरबोर्डवर पाच स्लॉट होते. प्रत्येक स्लॉटला ६२ संपर्कबिंदू असून एका वेळी ८ बिट माहितीची देवाणघेवाण होत असे. पडद्यावर अक्षर दाखविणे, छपाई करणे, फ्लॉपी वाचणे ही कामे मदरबोर्ड स्वतः करीत नसे. त्यासाठी स्वतंत्र कार्ड बसवावे लागे. कंपनीने यंत्राची परिपथ-आकृती आपल्या तांत्रिक पुस्तिकेत प्रसिद्ध केल्यामुळे कोणालाही या स्लॉटमध्ये बसेल असे कार्ड तयार करणे शक्य झाले. १९८४ च्या पीसी-एटी यंत्रात मूळ स्लॉटपुढे ३६ संपर्कबिंदूंची भर पडून तो १६ बिटांचा झाला. हीच रचना पुढे 'आयसा' या नावाने ओळखली जाऊ लागली.

१९८७ मध्ये आयबीएमने मायक्रो चॅनेल ही नवी रचना आणली. तिच्यात जुनी कार्डे बसत नव्हती. इतर निर्मात्यांनी १९८८ मध्ये एकत्र येऊन जुन्या कार्डांना सामावून घेणारी 'ईसा' रचना पुढे केली. दैनंदिन वापरात मात्र जुना आयसा स्लॉटच टिकून राहिला. १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय ही अधिक वेगवान रचना आणली. काही वर्षे एकाच मदरबोर्डवर दोन्ही प्रकारचे स्लॉट शेजारी शेजारी असत. १९९९ च्या सुमारास उद्योगाच्या शिफारशींतूनच आयसा स्लॉट वगळला गेला. २००३ नंतर पीसीआय एक्स्प्रेसचा प्रसार झाल्यावर मूळ पीसीआय स्लॉटही मागे पडू लागला. अशा रीतीने वीस-बावीस वर्षांत फलकांच्या तीन पिढ्या झाल्या. कार्यालयातील लाकडी कपाटाचे आयुष्य यापेक्षा मोठे असते.

जिस्ट कार्ड आणि मराठी

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ मुळे मराठीला राज्यकारभारात कायदेशीर स्थान मिळाले. टंकलेखन यंत्रांनी ते काही प्रमाणात व्यवहारात आणले. संगणकाच्या आगमनानंतर मात्र एक विचित्र परिस्थिती उद्भवली. कार्यालय मराठी होते आणि यंत्र इंग्रजी होते.

अडचण मूलभूत स्वरूपाची होती. डॉसच्या काळातील पडदा ८० स्तंभ व २५ ओळी अशा २००० घरांत विभागलेला असे. प्रत्येक घरात २५६ ठरावीक आकृत्यांपैकी एक आकृती दाखविता येई. रोमन लिपीसाठी ही व्यवस्था पुरेशी होती. देवनागरीत जोडाक्षरांमुळे आकृत्यांची संख्या याहून कितीतरी अधिक होते. शिवाय ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लेखनात त्याच्या आधी येते. 'डोंबिवली' या शब्दात चार अक्षरे दिसतात, पण त्यातील व्यंजने, स्वरचिन्हे व अनुस्वार सुटे केल्यास आठ घटक होतात. 'कल्याण' या शब्दात दिसतात तीन अक्षरे आणि घटक असतात सहा. यंत्राने साठवायचे काय, घटक की आकृती, हा खरा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर आयआयटी कानपूर येथे शोधले गेले. डॉ. आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी देवनागरी संगणकावर केलेले काम १९८३ मध्ये दिल्ली येथील तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखविण्यात आले. त्यातून जिस्ट तंत्र विकसित झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर हे काम तेथे आले आणि जिस्ट कार्ड मोठ्या प्रमाणावर वापरात आले. त्याच सुमारास संहितेचे व कळफलकाचे प्रमाणीकरणही होत होते. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट कळफलक प्रमाणित केला. इस्की या संहितेचे १९८८ चे रूप सुधारून १९९१ मध्ये ते भारतीय मानक १३१९४ म्हणून स्वीकारण्यात आले.

जिस्ट कार्ड संगणकाच्या स्लॉटमध्ये बसविले जाई. मूळ कार्यप्रणालीला किंवा डीबेस, वर्डस्टार यांसारख्या प्रणालींना त्यामुळे धक्का लागत नसे. या प्रणाली पूर्वीप्रमाणेच आपल्या संहिता पडद्याकडे पाठवीत. पहिल्या १२८ स्थानांवर इंग्रजी आणि वरच्या स्थानांवर भारतीय लिपीचे घटक अशी इस्कीची मांडणी होती. वरच्या संहिता आल्या की त्यांची जोडाक्षरे करणे, वेलांटी योग्य जागी नेणे व अक्षर रेखाटणे हे काम कार्ड करी. कॅप्स लॉकची कळ दाबली की कळफलक देवनागरीत येई. भारतीय लिप्यांची वर्णमाला समान असल्याने एकाच संहितेतील मजकूर लिपी बदलून दाखविण्याची सोयही त्यात होती.

या रचनेतील महत्त्वाचा विचार असा की, साठवण घटकांची होती आणि दर्शन आकृतींचे होते. या दोहोंची फारकत कार्डाने केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली आहे. आज भ्रमणध्वनीवर आपण जे मराठी टंकलेखन करतो त्याचे मूळ अशा रीतीने त्या काळच्या कामाशी जाऊन भिडते.

ठाणे व कल्याण-डोंबिवली : पार्श्वभूमी

या परिसराच्या निवडीमागे तीन कारणे आहेत. पहिले कारण औद्योगिक आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाण्यातील वागळे इस्टेट हे त्याच्या आरंभीच्या औद्योगिक क्षेत्रांपैकी एक ठरले. पुढे ठाणे-बेलापूर पट्टा व डोंबिवली येथेही औद्योगिक वसाहती झाल्या. कारखान्यातील यंत्राचे आयुष्य वीस-तीस वर्षांचे असते आणि त्याचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाचे त्याहून पुष्कळ कमी असते. त्यामुळे लेथ किंवा तपासणी-यंत्र सुस्थितीत आणि त्याला जोडलेले आयसा कार्ड मात्र निकामी, अशी विसंगती कारखानदारीत सर्वत्र आढळते.

दुसरे कारण प्रशासकीय आहे. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण महानगरपालिका, जी पुढे कल्याण-डोंबिवली या नावाने ओळखली जाऊ लागली, १९८३ मध्ये अस्तित्वात आली. म्हणजे या दोन्ही संस्थांचा जीवनकाल आणि वैयक्तिक संगणकाचा जीवनकाल जवळजवळ एकच आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेने २००० च्या आसपासच्या वर्षांत नागरी सेवांचे संगणकीकरण हाती घेतले आणि हा प्रयोग राज्यातील इतर नागरी संस्थांपुढे नमुना म्हणून ठेवला गेला. स्थानिक स्वराज्याच्या इतिहासात त्याची नोंद घ्यावी लागेल.

तिसरे कारण सांस्कृतिक आहे. मराठी मध्यमवर्गाची दाट वस्ती, वाचनालये, शाळा व सहकारी संस्था यांमुळे येथे मराठी अक्षरजुळणीच्या कामाला मोठी मागणी होती. खिळ्यांची छपाई मागे पडून संगणकीय अक्षरजुळणी आली, तेव्हा एक संगणक आणि एक लेझर प्रिंटर एवढ्या सामग्रीवर हा व्यवसाय करता येऊ लागला. अशा व्यवसायाचे दप्तर कोणी ठेवीत नाही. व्यवसाय बंद झाला की फ्लॉपींचा खोका रद्दीत जातो.

फलक निकामी होण्याची कारणे

जुन्या फलकांचा नाश कशाने होतो हे पाहणे जतनाच्या दृष्टीने आवश्यक आहे. ३८६ व ४८६ पिढीच्या मदरबोर्डवर घड्याळ चालू ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियमची लहान बॅटरी डाखलेली असे. ती कालांतराने पाझरते आणि तिच्यातील अल्कधर्मी द्रव तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. कपाटात 'सुरक्षित' ठेवलेले यंत्र अशा रीतीने आतून मरते. काही यंत्रांत बॅटरी घड्याळाच्या चिपमध्येच बंदिस्त असे. तिचे आयुष्य दहा वर्षांच्या आसपास असल्याने ती संपली की यंत्र आपली मांडणी विसरते. १९९९ ते २००७ या काळातील अनेक मदरबोर्डवरील विद्युत्-धारित्रे सदोष निघाली व फुगून फुटली, हा अनुभव जगभर आला. ईप्रॉम चिपमधील विद्युत्भारही दशकांच्या ओघात क्षीण होतो.

याला स्थानिक परिस्थितीची जोड मिळते. खाडीकाठची दमट हवा फलकांच्या सोनेरी कडा व सांधे मलिन करते. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीच्या खोऱ्यातील कल्याण, उल्हासनगर, बदलापूर या भागांची अपरिमित हानी झाली. तळमजल्यावरील कार्यालये व दुकाने पाण्याखाली गेली, त्यात कागदही गेला आणि यंत्रेही गेली.

आर्थिक कारणही दुर्लक्षिण्यासारखे नाही. १९९७ मध्ये भारताने माहिती तंत्रज्ञान करार स्वीकारला आणि २००५ पर्यंत बहुतेक संगणक-सामग्रीवरील सीमाशुल्क शून्यावर आले. नवे यंत्र स्वस्त झाल्याने जुन्याची दुरुस्ती परवडेनाशी झाली. तत्पूर्वी २००० सालच्या घड्याळ-समस्येच्या भीतीने पुष्कळ जुनी यंत्रे मोडीत निघाली होती. मे २०१२ पासून ई-कचऱ्याचे नियम लागू झाले. पर्यावरणाच्या दृष्टीने ते स्वागतार्हच आहेत. परंतु यंत्र टाकण्यापूर्वी त्यातील मजकूर काढून घ्यावा, असे सांगणारी शिस्त संस्थांनी स्वतःच निर्माण करावी लागते.

बदली फलकांचे मार्ग

बदलीचे स्थूलमानाने तीन मार्ग संभवतात. पहिला मार्ग मूळ फलक शोधण्याचा. मोडीत निघालेल्या यंत्रांतून कार्ड मिळते, पण त्याचे वयही तेवढेच असते. दुसरा मार्ग जुन्या स्लॉटचे नवे यंत्र घेण्याचा. आयसा स्लॉट असलेले औद्योगिक संगणक तैवानमधील काही निर्माते दीर्घकाळ तयार करीत आले आहेत आणि कारखान्यांना त्यांचा आधार वाटतो. त्यांची किंमत महाविद्यालयाला किंवा वाचनालयाला सहसा परवडत नाही. तिसरा मार्ग नव्या घडणीच्या फलकांचा. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसविणारे अडॅप्टर, फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्ह वापरू देणारे फलक, तसेच फ्लॉपीवरील चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून यूएसबीद्वारे नव्या संगणकात आणणारे क्रायोफ्लक्स व ग्रीझविझल यांसारखे फलक आज उपलब्ध आहेत. यांपैकी ग्रीझविझलची रचना मुक्त असून ती कोणालाही तयार करता येते.

बदली फलक नेहमीच मूळ फलकाची जागा घेऊ शकतो असे मात्र नाही. मराठी अक्षरजुळणीच्या अनेक प्रणाली हार्डवेअर लॉकवर चालत आणि तो लॉक प्रिंटरच्या समांतर पोर्टला लावावा लागे. नव्या संगणकांतून हा पोर्ट नाहीसा झाला. तो पुरविणारे पीसीआय वा पीसीआय एक्स्प्रेस कार्ड विकत मिळते. परंतु डॉसमधील जुनी प्रणाली पोर्टचा शोध ३७८ या ठरावीक पत्त्यावर घेते आणि नव्या कार्डाला संगणक बहुधा दुसराच पत्ता देतो. पोर्ट आहे, लॉक आहे, प्रणाली आहे, तरीही पडद्यावर लॉक न सापडल्याची सूचना येते. वस्तू जपली म्हणजे तिचा उपयोग जपला असे होत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

फलक गेला, मजकूर अडकला

१९९० च्या दशकात विंडोजचा प्रसार झाला. पडदा आता चित्रमय झाल्याने अक्षर रेखाटण्यासाठी स्वतंत्र कार्डाची गरज उरली नाही. जिस्ट कार्डाचे काम सॉफ्टवेअर व फाँट करू लागले. खर्च वाचला, अक्षरे देखणी झाली आणि मराठी छपाईचा प्रसार वाढला. हे सर्व मान्य केले पाहिजे.

तथापि या स्थित्यंतरात कार्डाने केलेली फारकत पुष्कळ ठिकाणी पुसली गेली. प्रत्येक निर्मात्याने आपापल्या फाँटमध्ये अक्षरखंडांना आपापले क्रमांक दिले आणि धारिकेत घटकांऐवजी ते क्रमांक साठवले जाऊ लागले. एका फाँटमधील 'ठाणे' दुसऱ्या फाँटमध्ये उघडल्यास निरर्थक चिन्हांची ओळ दिसते. त्यात शब्द शोधता येत नाही, अकारविल्हे यादी करता येत नाही. याउलट इस्कीतील धारिका मिळाली, तर तिचे युनिकोडमध्ये रूपांतर बहुतांशी एकास एक असे होते. हलन्तापुढे पुन्हा हलन्त किंवा नुक्ता येतो अशा मोजक्या ठिकाणीच विशेष नियम लावावे लागतात. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्ध्या र साठी युनिकोडमध्ये जी तरतूद आहे तिचे मूळही इस्कीत आहे. फाँटबद्ध धारिकेसाठी मात्र प्रत्येक फाँटचा स्वतंत्र तक्ता लागतो आणि निर्माता व्यवसायातून गेला असेल तर तो तक्ता प्रयत्नाने नव्याने तयार करावा लागतो.

म्हणजे १९९० मधील कार्डावर तयार झालेला मजकूर १९९८ मधील देखण्या फाँटमध्ये तयार झालेल्या मजकुरापेक्षा आज अधिक सुलभतेने वाचता येण्याजोगा आहे, मात्र त्याची फ्लॉपी वाचली गेली पाहिजे. प्रारंभी मांडलेल्या गृहीतकास यातून पुष्टी मिळते.

निष्कर्ष

१. विस्तारफलक हे संगणकाचे गौण अंग नसून मराठी संगणनाच्या आरंभकाळात तेच भाषेचे वाहन होते.
२. जिस्ट कार्डाचे खरे योगदान साठवण व दर्शन यांची फारकत करण्यात आहे. कार्ड कालबाह्य झाले, तो विचार युनिकोडमध्ये टिकला.
३. फलकाऐवजी फाँटवर आधारलेली व्यवस्था आल्याने मजकूर विशिष्ट प्रणाली, फाँट व लॉक यांच्या अधीन झाला.
४. बदली फलकांचे मार्ग उपलब्ध आहेत, परंतु चुंबकीय माध्यमांचा व बॅटऱ्यांचा ऱ्हास पाहता त्यांचा लाभ घेण्याची मुदत मर्यादित आहे.

सूचना

महाविद्यालयांनी आपल्या भांडारातील जुनी यंत्रे निर्लेखित करण्यापूर्वी त्यांतील मजकुराची नोंद करावी. मदरबोर्डवरील बॅटरी प्रथम काढून टाकावी. फ्लॉपीची प्रत आधी घ्यावी आणि रूपांतर नंतर करावे. धारिकेबरोबर वापरलेल्या फाँटचे व प्रणालीचे नावही जतन करावे. इतिहास, मराठी, ग्रंथालयशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन परिसरातील मुद्रकांकडे, पतपेढ्यांकडे व वाचनालयांकडे असा मजकूर आहे काय याची विचारणा करावी. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी याहून उपयुक्त विषय क्वचितच सापडेल.

समारोप

ठाण्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. त्या पिढीने मुद्रित मराठी पुस्तक संग्रहणीय मानले म्हणून एकोणिसाव्या शतकातील पुष्कळसे वाङ्मय आपल्याला उपलब्ध आहे. आपल्या पिढीचा मजकूर कागदावर जेवढा आहे तेवढाच फ्लॉपीवर व हार्ड डिस्कवर आहे. तो संग्रहणीय आहे असे ठरविण्याचा अधिकार आणि जबाबदारी आपलीच आहे. काही वर्षांनी हा प्रश्न कोणी उपस्थित केला तर त्या वेळी फलक मिळेलही, पण त्यावर वाचण्यासारखे काही शिल्लक नसेल.